दुहेरी बंधाचं कोणतं टोक

माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक मॅडम वैजापूरकडच्या शेतकरी घरातल्या. प्लास्टिकमधल्या लांब साखळ्या ज्यातून बनतात, अशा एका व्हायनिल मोनोमरवर त्यांनी सगळी नोकरी काढली. तो द्रव पाण्यात विरघळवून त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, की पाणी फुटतं, रॅडिकल नावाचे अतिचपळ तुकडे सुटतात आणि पापणी लवायच्या कितीतरी आधी मोनोमरला चिकटतात. मोनोमरच्या रेणूत दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध असतो; त्याच्या कोणत्या टोकाला आधी चिकटतात, हे मॅडमना बघायचं होतं. ज्या टोकाला दुसरं काही लटकलेलं नाही त्या मोकळ्या टोकाला, असा त्यांचा अंदाज होता.

तसं यंत्र आमच्या विद्यापीठात नव्हतं. निवृत्तीच्या वर्षी त्यांना मुंबईच्या यंत्रावर वेळ मिळाली. निघायच्या आदल्या दुपारी मी मोनोमर शुद्ध करत होते. तो टिकावा म्हणून त्यात एक रसायन घातलेलं असतं. ते निघालं नाही तर रॅडिकल त्यालाच चिकटतात. ऊर्ध्वपातन अर्ध्यावर असताना वीज गेली. पंप थांबला, गरम चंबूत हवा शिरली आणि आतला द्रव डिंकासारखा घट्ट झाला.

"बाटलीत काही उरलंय का?" मॅडमनी विचारलं.

"थोडं आहे, पण शुद्ध न केलेलं."

"तेच घे. ही वेळ परत नाय मिळायची."

मुंबईत पडद्यावर आलेखामागून आलेख उमटले. एकही कामाचा नव्हता. परतीच्या बसमध्ये मॅडम पाचोडच्या बाजारातल्या भाजीविषयी बोलत राहिल्या.

पुढं मी शिकवायला लागले, आणि गेल्या वर्षी त्याच यंत्रावर मला वेळ मिळाली. या खेपेला मोनोमर शुद्ध होता. उत्तर स्पष्ट आलं: मोकळ्या टोकाला, मॅडम म्हणायच्या तसंच. आलेख घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्या गॅलरीत मेथी निवडत होत्या. हात पुसून त्यांनी कागद घेतला, क्षणभर पाहिला.

"छान आलाय गं," म्हणाल्या आणि परत दिला.

"पेपरवर तुमचं नाव पहिलं घालते, मॅडम."

"नको. मोजलं तेव्हा मी होते का तिथं?"

"प्रश्न तुमचाच होता ना!"

"व्हय, होता. लई वर्षं होता. आता नाय राहिला." त्यांनी मेथीची जुडी पुढं ओढली. "चहा टाकतेस का?"

मी स्वयंपाकघरात गेले. पातेलं कुठं असतं, तेही मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मी तिथं पहिल्यांदाच जात होते.