मेलेल्या राणीचा वन्स मोअर

टीव्हीवर माझ्या धाकट्या बहिणीची मुलाखत झाली. ती मालिकांमधून सासवा करते. पहिलं काम कुठलं, असं विचारल्यावर म्हणाली, "गावच्या जत्रेत, सहा वर्षांची असताना. पहिल्याच दिवशी वन्स मोअर मिळाला."

साफ खोटं. तो वन्स मोअर माझा होता. मी चौथीपर्यंतच शिकलोय, पण हे लिहून ठेवणार.

पासष्टच्या लढाईचं साल. बत्त्यांना रॉकेल मिळेना, म्हणून इस्लामपूरजवळच्या आमच्या गावानं जत्रेतलं नाटक भर दुपारी लावलं. आमच्या गावात बायका तेव्हा स्टेजवर येत नसत. राणी मी. मिशी काढून आईचं लुगडं नेसायचो. थोरला भाऊ पलटणीत आणि मी लुगड्यात, म्हणून वडील माझ्याशी बोलत नसत. पण माझं मरण पंचक्रोशीत गाजलेलं. दरसाल मी मरायचो, लोक वन्स मोअर ओरडायचे, मी उठून पदर सारखा करायचो आणि पुन्हा मरायचो. त्या साली वडील पहिल्यांदाच बघायला आलेले. पुढच्याच रांगेत.

राजपुत्राचं काम करणाऱ्याला गोवर निघाला, म्हणून बहिणीला फेटा बांधून उभी केली. मी गाणं म्हणत मेलो. तिनं "आई" म्हणून रडायचं होतं. पण तिला वाटलं, मी खरंच गेलो.

"दादा, ऊठ की रं!" म्हणून तिनं असा गळा काढला की सगळा मांडव रडायला लागला. राणीला दादा म्हटलेलं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"वन्स मोअर!"

मी उठलो. पदर सारखा केला.

"तू कशाला उठलास रं?" मागनं एक म्हातारी ओरडली. "पड गप! पोरीला रडू दे!"

मी कसला पडतोय? गाणं पहिल्यापासून धरलं आणि वडिलांकडं बघत मेलो. पण दादा उठलेला बघून पोर खिदळायला लागली. मांडवही हसायला लागला. मग मेल्या मेल्याच मी तिच्या पोटरीला करकचून चिमटा काढला. तिनं भोकाड पसरलं. वडिलांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

घरी आल्यावर म्हणाले, "पोरीनं लय ब्येस केलं." मग माझ्याकडं वळले. "तुला एकदा मरून भागत न्हाई व्हय रं?"

वर्षभरात माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

बहीण पुढं सांगलीच्या नाटक कंपनीत गेली, तिथनं मुंबईला. परवा मालिकेत ती मेली. मी खुर्चीत सरसावून ओरडलो, "वन्स मोअर!" सूनबाईच्या हातातला कप सांडला.

बहीण काही उठली नाही. मी असतो तर उठलो असतो.