आमच्या साडूंचा नोव्हेंबर

जगात कोण हयात आहे आणि कोण नाही याची खातरजमा करण्याचे काम चित्रगुप्ताने आमच्या साडूंना कंत्राटावर दिलेले असावे, अशी माझी पक्की समजूत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. साडूंनी एकमेकांचा थोडाफार हेवा करावा अशी रीतच आहे आणि ती मी मनोभावे पाळली. मी जन्मभर कॉलेजात भूगोल शिकवला. ते बँकेच्या काउंटरवरून चढत चढत काचेच्या केबिनीत आणि तिथून थेट जिनिव्हाला गेले. जिनिव्हा नकाशावर कुठे आहे हे मी पिढ्यान्‌पिढ्या पोरांना दाखवले. राहायला मात्र ते गेले.

त्यांच्या साऱ्या विक्षिप्तपणाचे मूळ पारशिवनी या आमच्याकडच्या छोट्या गावात आहे. नोकरीच्या सुरुवातीला ते तिथल्या शाखेत होते. पेन्शनरांनी दर नोव्हेंबरात बँकेत येऊन आपण जिवंत असल्याचा, म्हणजे हयातीचा दाखला द्यायचा असतो. बाकीचे कारकून कागद आला की शिक्का मारून मोकळे होत. साडू माणूस पाहिल्याशिवाय शिक्क्याला हात लावत नसत. एकदा एका निवृत्त मास्तरांचा मुलगा कागद घेऊन आला आणि 'बाबा बरे आहेत' म्हणाला. साडू स्कूटर काढून त्याच्या मागोमाग घरी. मास्तर अंगणात खाटेवर तोंडावर दुपट्टा घेऊन पडलेले. साडूंनी दुपट्टा उचलला आणि विचारले, "मास्तर, हयात आहात ना?"

"हाव ना बापा," मास्तर उठून बसत म्हणाले, "काहून, तुले काही शंका हाय का?"

शंका होतीच. मास्तरांची पावले सुजलेली होती. साडूंनी त्यांना स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेले आणि दाखल्यावरची सही तिथल्या बाकावर बसून केली. तेव्हापासून जो पेन्शनर बँकेत आला नाही त्याच्या दारात हे हजर, असा पायंडा पडला. "या साहेबापायी मरायचीबी चोरी झाली," असे पारशिवनीतले म्हातारे म्हणत, आणि नोव्हेंबर लागला की काठी टेकत बँकेची वाट धरत.

पुढे साहेब मोठे झाले. हॉस्पिटले बांधायला कर्ज देण्याचे खाते त्यांच्याकडे आले. फाइल कितीही देखणी असो, यांचा प्रश्न ठरलेला: "बिल्डिंग दिसली जी. बिमार माणूस तिथवर येते कसा?" एका परिषदेत परदेशी पाहुण्यांनाही त्यांनी हेच विचारले. पाहुण्यांनी प्रश्न लिहून घेतला आणि वर्षभरात प्रश्नकर्त्यालाच बोलावून घेतले. कोणत्या देशाने रोगराईशी कसे झुंजावे याची धोरणे आखणाऱ्या मंडळींत आमचे साडू जाऊन बसले. गाडी, ड्रायव्हर, केबिन सगळ्यावर पाणी सोडून, निवृत्ती चार पावलांवर असताना. मेहुणी माझ्यापुढे येऊन कपाळाला हात लावून म्हणाली, "भाऊजी, लोक या वयात देवधर्माले लागतात, हे रोगराईले लागले!" मी तिचे सांत्वन केले. मनातून मला थोडे बरेही वाटले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

जिनिव्हातही खोड गेली नाही. बायकोने विणलेला बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर घालून ते बैठकांना जात. कोणी तज्ज्ञ 'या योजनेचे लाखो लाभार्थी' असे म्हणाला, की हे चष्मा पुसत शांतपणे विचारत, "त्यातल्या एकाचं नाव सांगता का?" तज्ज्ञाला अर्थातच सांगता येत नसे. एकाने हिय्या करून कुठल्याशा खेड्यात जाऊन एका बाईचे नाव आणि फोटो आणला, तर यांनी विचारले, "बाई जेवली होती का?" त्या दिवसापासून तज्ज्ञ त्यांच्या शेजारची खुर्ची टाळू लागले, असे मेहुणी सांगते.

आणि नोव्हेंबरात तिथून नातेवाइकांना व्हिडिओ फोन. "काय जी साडभाऊ, हयात आहात ना?" आमच्या सौभाग्यवतीला हे अभद्र वाटे. पण नुसत्या 'हो'वर भागत नसे. चेहरा दाखवायचा, जीभ दाखवायची, मग फोन हातात धरून जिना चढून दाखवायचा. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर आणि आमची लिफ्ट हा केवळ श्रद्धेचा विषय आहे. एका वर्षी मला चार पायऱ्यांतच धाप लागू लागली होती. घरात मी कोणाला सांगितले नव्हते. दवाखान्याचे नाव निघाले की मी विषय बदलतो. तेव्हा मी दाराबाहेर जाऊन जागच्या जागी पावले आपटली, मध्येमध्ये 'पहिला झाला, दुसरा झाला' म्हणालो आणि घरात परतलो. साडूंनी फोन ठेवला. मी खूश.

चौथ्या दिवशी सकाळी दारात साडू, हातात बॅग, अंगात तोच स्वेटर. "तिन्ही मजल्यांवर तुमच्या शेजारणीच्या त्याच लाल चपला कशा दिसून राहिल्या होत्या जी?" एवढेच म्हणाले आणि मला हाताला धरून खाली घेऊन गेले. "आता चढा." अकराव्या पायरीवर मी बसलो तो उठलोच नाही. शुद्धीवर आलो तेव्हा हृदयात जाळी बसवून झाली होती आणि साडू बाजूच्या स्टुलावर संत्रे सोलत होते. ज्या दिवशी ते आमचा जिना मोजत होते, त्याच दिवशी जिनिव्हात त्यांच्याच धोरणावर मोठी सभा होती, हे मेहुणीने तेवढ्यात फोनवर सांगितले. फोन ठेवून मी म्हटले, "एवढी सभा सोडून आलात?"

"तिथं लाखो लोकांचाच विषय होता," ते फोड माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "पण त्यातलं एक नाव मले माहीत होतं ना."

हेवा तिथे संपला. आता साडू निवृत्त होऊन आमच्याच शहरात, धरमपेठेत राहतात. मध्यंतरी मेहुणी म्हणाली होती, "हे अलीकडे फार विसरून राहिले, भाऊजी." या नोव्हेंबरात त्यांचा फोन आला नाही. मी आठ दिवस वाट पाहिली, नवव्या दिवशी ऑटो केला. साडू गॅलरीत उन्हात बसले होते. अंगात स्वेटर, हातात फोन.

"तुमालेच लावून राहिलो होतो," ते माझ्याकडे पाहून ओशाळून हसले. "नाव आठवूनच नाही राहिलं जी."

नाव सांगावे असे वाटले, पण सांगितले नाही. लाखो लोकांतून ते त्यांनी एकदा लक्षात ठेवले होते, तेवढे पुरे. शेजारची खुर्ची ओढून बसलो. त्यांनी माझे मनगट धरले आणि चष्म्यातून माझ्या छातीकडे, श्वासाकडे बराच वेळ पाहिले.

"जिना चढून आलात?"

"दोन मजले. या खेपेला खरे."

"मग हयात आहात," ते म्हणाले, आणि मनगट काही सोडले नाही.