पार्कच्या आईने वाढलेली रताळी

यातला अर्धा भाग मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही… बायकोलाही नाही. इथे लिहितोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी देव मानतो, संकष्टी करतो. पण मेलेला माणूस येतो, निरोप देतो असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कामगारांच्या कॅम्पात कुणी असलं काही सुरू केलं की मी उठून जायचो.

मी मूळचा गुहागरकडचा. सोळा वर्षं सौदीत आहे. हफ्र अल बातिनच्या बाहेर एका प्लांटच्या कामावर होतो, कंपनी कोरियन. आमचा सुपरवायझर पार्क, माझ्याच वयाचा, लग्न न केलेला. मराठी-हिंदी शून्य, इंग्लिश माझ्याइतकंच मोडकं. तरी जमलं. चहाच्या सुट्टीत तो मोबाइलवर त्याचं गाव दाखवायचा. दगडी गडगे, मिठागरं आणि शेतात टेबलासारख्या उभ्या केलेल्या प्रचंड शिळा. हजारो वर्षांपूर्वीच्या समाध्या म्हणे. मी म्हणायचो, शिळा सोडल्या तर हे आमचंच गाव आहे.

माझ्या संकष्टीला तो ‘मून डे’ म्हणायचा. त्याच्या आईने पाठवलेल्या कॅलेंडरवर चंद्राच्या तिथी होत्या, त्यावरून त्याला तो दिवस माझ्याआधी कळायचा. त्या दिवशी माझ्यासाठी मेसमधून रताळी उकडून आणायचा. संध्याकाळी चंद्र दिसला की फोन करायचा… “सावंत, मून कम. ईट.”

आता ते सांगतो.

मे अखेरची गोष्ट. उन्हासाठी सरकार लावतं ती दुपारची कामबंदी सुरू व्हायला अजून बरेच दिवस होते. टाकीत माणसं कामाला उतरली की टाकीच्या तोंडाशी एक जण उभा ठेवतात, त्याने तिथून हलायचं नसतं. त्या दिवशी तो मी होतो. आणि त्याच दिवशी मुलीचा बारावीचा निकाल होता, आपल्याकडे एक वाजता, म्हणजे इथे साडेदहाला. सुट्टी मिळाली नसती. मी पार्कला म्हटलं, आज मून डे आहे, उपास आहे, चक्कर येतेय.

त्या दिवशी संकष्टी नव्हती. सकाळी मी दोन अंडी आणि खबूस रोटी खाऊन आलो होतो.

पार्कने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग म्हणाला, “ओके. मून डे. यू गो. आय स्टँड.”

मी एसी केबिनमध्ये बसून मुलीशी बोललो. चांगले मार्क पडले होते, मग बायको आली, मग शेजारचे… पावणेबाराला परत आलो तेव्हा पार्क टाकीच्या सावलीपासून दोन हात लांब पडला होता. आतली माणसं सुखरूप होती. तो शुद्धीवर आलाच नाही, संध्याकाळी गेला.

चौकशीत मी लिहून दिलं की उपासामुळे मला बरं नव्हतं, पार्कने स्वतःहून मला पाठवलं. सगळ्यांना माझीच दया आली. कॅम्पातला एक जण तर म्हणाला, “देवाने तुला वाचवलं.” मी मान हलवली.

चार वर्षांनी, गेल्या ऑक्टोबरमध्ये, कंपनीने मला ट्रेनिंगला कोरियात पाठवलं. तिथे युन नावाचा तरुण इंजिनिअर सोबत होता. तो रियाधला तीन वर्षं काढलेला. तिथल्या बत्हा बाजारातल्या भारतीय हॉटेलात जेवून “चलो चलो” आणि “खाना खाया?” एवढं हिंदी शिकलेला, आणि मला “सावंत-जी” म्हणणारा. रविवारी फिरायला कुठे जाऊ या असं त्याने विचारलं, तर मी फक्त त्या गावाचं नाव सांगितलं. का ते सांगितलं नाही. पार्कला तो ओळखतही नव्हता.

गाव फोटोतल्यासारखंच. गडग्यांवर भोपळ्याचे वेल, पडवीत सोललेली केशरी तेंडू-फळं वाळायला दोऱ्याने टांगलेली. आम्ही शिळा पाहिल्या, मिठागरं पाहिली. युन फोटो काढत होता आणि मी नुसता वेळ काढत होतो. शेवटी त्याला पार्कचं नाव सांगून घर विचारायला लावलं.

दार उघडंच होतं. पार्कची आई पडवीत बसली होती, ऐंशीच्या पुढची. समोर बुटकं टेबल मांडलेलं, तीन माणसांचं. दोन जागी भात, मासे, किमची. तिसऱ्या जागी उकडलेली रताळी आणि उकडलेल्या शेंगा, बाकी काही नाही.

तिने मला हाताने खूण करून त्या तिसऱ्या जागी बसवलं.

त्या दिवशी संकष्टी होती. मी युनलाही बोललो नव्हतो. सकाळी पोट ठीक नाही असं त्याला सांगून नाश्ता टाळला होता.

म्हातारी काहीतरी म्हणाली. युन अवघडला. “सॉरी सावंत-जी, वय झालंय त्यांचं. म्हणतात, काल मुलगा येऊन सांगून गेला.”

“काय सांगून गेला?”

त्याने तिला पुन्हा विचारलं. ती रताळं सोलत होती, मान वर न करता बोलली. युन म्हणाला, “मला अर्थ लागत नाही. म्हणतात, तो म्हणाला, त्या दिवशी मून डे नव्हता. उद्या खरा आहे. त्याला उपाशी पाठवू नकोस.”

तिने रताळ्यावर फुंकर घातली आणि माझ्या हातात दिलं. माझी नखं काळी आहेत कामाने, ती तिने अंगठ्याने जराशी पुसली, आईसारखी. मी खाल्लं. रडलो की नाही आठवत नाही. युन म्हणतो, रडलात.

मी खूप विचार केला. रताळ्यांचं पार्कने कधी फोनवर सांगितलं असेल. तिथी तिच्या कॅलेंडरवर असेल. पण मी येणार हे? आणि तो दिवस खोटा होता, हे माझ्याशिवाय एकालाच कळलं असेल, आणि तो त्यानंतर कुणाशी बोललाच नाही. मला याचा उलगडा अजून झालेला नाही.

आणि तिथे बसून मी तिला काहीच सांगितलं नाही. नमस्कार करून निघालो. तिला सगळं ठाऊकच आहे, अशी मनाची समजूत घालत परत आलो… पण तिला कळलं असेल तर ते तिच्या मुलाकडून. माझ्याकडून नाही.

माझा तो जबाब खोटा आहे, असं मला कंपनीला लिहून द्यायचं आहे. आणि तिच्यासमोर बसून माझ्या तोंडाने सांगायचं आहे, की तुमचा मुलगा माझ्या खोट्यापायी उन्हात उभा होता. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.