एक बेल स्वतःसाठी

"रुमेटॉइड आर्थ्रायटिस," लातूरच्या डॉक्टर मॅडम रिपोर्ट खाली ठेवत म्हणाल्या. "शरीराची राखण करणारी ताकदच तुमच्या सांध्यांवर उलटली आहे. हा आजार मुळापासून जात नाही, पण औषधांनी आवरता येतो."

मी एकच विचारलं, "मॅडम, माझा बिल्ला राहतो का जातो?"

त्यांना कळेना. मग सांगितलं, मी मुखेड-लातूर एसटीवर कंडक्टर. आईनं रोजगार हमीवर खडी फोडून मला शिकवलं, तवा कुठं हा बिल्ला छातीवर लागला. तो काढून ठेवायला मी बिलकुल तयार नव्हते.

दुखणं बोटांपासून सुरू झालं होतं. सकाळी मूठच वळायची नाही. वाटलं, थंडी हाय, जाईल. मग तिकिटाच्या मशीनची बटणं दाबताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. एक दिवस बेलची दोरी ओढायला गेले तर बोटं साथच देईनात. उतरणारी म्हातारी माझ्या नावानं ओरडून राहिली आणि गाडी आपली पुढंच.

"ताई, बेल तो मारो!" ड्रायव्हर गफारमामा म्हणाले. "मेरेकू सपना पडता क्या?"

त्या दिवसापासून मी दोरीत मनगट अडकवून बेल द्यायला लागले. लाज वाटायची, पण काम भागायचं.

पहिलं औषध मेथोट्रेक्सेट. उलटलेल्या ताकदीला आवर घालणारी गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची. मी वार पाळला, एकही चुकवला नाही. तरी तोंड फोडांनी भरलं, भाकरी गिळवेना. तपासणीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या, मूत्रपिंडावर ताण आलेला. मॅडमनी गोळी तिथंच बंद केली.

तेवढ्यात माझी सख्खी मामी कुठल्याशा जत्रेतून औषधाच्या पुड्या घेऊन आली. "घे गं, आठ दिवसांत पळायला लागशील." मी त्या उचलून मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

"अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईड मिसळलेलं असतं," त्या म्हणाल्या. "सूज झटकन उतरते, पण आतून हाडं ठिसूळ होतात. एक औषध सोसलं नाही म्हणजे सगळं संपलं असं नसतं. पर्याय आहेत. आपण सल्फासलाझिन देऊ. दोन-तीन महिन्यांनी गुण दिसेल. मात्र पाणी भरपूर प्यायचं, नाहीतर मूत्रपिंडात खडे होतील."

मला हसूच आलं. म्हणलं, "मॅडम, ड्यूटीवर मी पाणीच पीत न्हाई."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अजिबात नाही?"

आता त्यांना काय सांगावं! आम्ही बायका कंडक्टर तहान मारायला पहिल्याच महिन्यात शिकतो. तोंडात विलायची ठेवायची आणि डेपो येईस्तोवर दम धरायचा. पाणी प्यालं तर जायचं कुठं? त्यात तो दुष्काळाचा उन्हाळा. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं, वाटेतल्या थांब्यांवर संडासांना पाण्याविना कुलपं लागली होती.

"पहिल्या औषधाच्या वेळीही हेच नडलं असेल," मॅडम म्हणाल्या. "हे मला कुणी सांगितलंच नाही."

मला तरी कुठं माहीत, की हे डॉक्टरला सांगायचं असतं! हेही औषध सोसलं नाही तर महागडी इंजेक्शनं, आणि तोवर हात गेले तर बिल्लाही गेला. घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं. पाणी प्यायचं, मग दुनिया काहीही म्हणो.

नव्या गोळीनं लघवी नारंगी झाली. मी घाबरून फोन लावला तर मॅडम म्हणाल्या, "होतं तसं. घाबरू नका." दुसऱ्या दिवशी मोठी बाटली घेऊन गाडीत चढले आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा प्याले. मागं पुरुष मंडळींचा वाद रंगला होता, नवा जिल्हा उदगीरचा होणार का आणि आपला तालुका कुठं जाणार. मी म्हणलं, "जिल्हा होईल तवा होईल. आधी थांब्यावर बायांची सोय करा!"

शिरूर ताजबंद मागं पडलं आणि माझा दम संपला. कोरड्या ओढ्यावरचा पूल दिसला. दोरीत मनगट घातलं आणि दिली एक बेल.

गफारमामांनी गाडी थांबवली. "इधर कौन उतर रहा?"

"मी!" म्हणलं. तोंड तांबडंलाल झालं असेल माझं, पण उतरले. पुलाखाली निघाले तर मागून आवाज आला, "थांब बाई, मी बी येते." वळून बघते तर एक, दोन न्हाई, गाडीतल्या जवळजवळ सगळ्या बाया खाली उतरून राहिल्या. एक म्हातारी माझा दंड धरून म्हणाली, "लई पुण्य लागंल तुला. मुखेडपासून कळ काढून बसले व्हते."

मला तिथंच रडू आलं. मी समजत होते, ही माझ्या एकटीचीच अडचण.

माझ्यासारखं दुखणं असणाऱ्यांना एवढंच सांगते: एक औषध सोसलं नाही तर दुसरं विचारा, रक्त वेळेवर तपासा, आणि आपण दिवस कसा काढतो ते डॉक्टरला लाज सोडून सांगा. तिसऱ्या महिन्यात माझी सूज उतरली. गोळ्या चालूच हायत, बिल्लाही छातीवर हाय.

त्या पुलाशी आता मला बेल द्यावी लागत नाही. गफारमामा आपणच गाडी थांबवतात आणि खिडकीतून दुसरीकडं बघत बसतात. बाया चढल्या, की दोन बेल मी देते, बोटांनी.