जर्मनीचं प्रस्थान अंबडला

माझा साडू जर्मनीला गेला ही अतिशय आनंदाची गोष्ट आहे. हे वाक्य मी गेली कैक वर्षं न चुकता म्हणतो, आणि दरवेळी आमची शकू, म्हणजे बायको, माझ्या तोंडाकडे बघत राहते.

साडू म्हणजे वसंता, शकूच्या धाकट्या बहिणीचा, सिंधूचा नवरा. जालन्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात फिटर. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मालकानं जर्मनीहून मोठी मशीन मागवली आणि ती चालवायला शिकून यावं म्हणून वसंताला दोन वर्षं तिकडं धाडायचं ठरवलं. आता मी अंबडच्या कचेरीत कारकून, घरातला मोठा जावई, बी.ए. झालेला (दुसऱ्या खेपेला, पण झालेला!). आणि जर्मनीला कोण चाललं, तर ज्याच्या नखातलं ग्रीस लग्नाच्या हळदीनंसुद्धा निघालं नव्हतं तो. देवाच्या घरी न्याय असता तर निदान अगोदर मला विचारलं तरी असतं.

सासुरवाडी वाटूरची. त्या घरात कान शाबूत असलेली कपबशी एकच, बाकी सगळे कप कानतुटके. ती कपबशी लग्न झाल्यापासून माझी. जर्मनीची बातमी आली त्यानंतर मी पहिल्यांदा वाटूरला गेलो, तर ती कपबशी वसंताच्या हातात! मला चहा पितळी वाटीत. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही काय, घरचेच. इतकी वर्षं मी पाहुणा होतो, त्या दिवशी एकदम घरचा झालो. वाटीचा चटका बोटांना बसला तो वेगळाच.

वर त्याला औरंगाबादहून गरम कापडाचा कोट शिवून आणलेला. तिकडं बर्फ पडतो, असल्या कोटाशिवाय निभाव लागायचा नाही, असं मालकानं बजावलं होतं. सासरे तो कोट आल्यागेल्याला दाखवत. त्याचं अस्तर माझ्या सणावाराच्या सदऱ्यापेक्षा भारी होतं. मी अस्तराला हात लावून पाहिला आणि 'ठीक आहे' म्हणालो.

त्यात विम्याचा विषय निघाला. कारखान्यातल्या लोकांनी वसंताच्या डोक्यात घातलं होतं की दोन वर्षं परक्या मुलखात राहायचं, तर विमा काढूनच जा. सामान हरवलं तर कंपनी देते, अपघात झाला तर कंपनी बघते. वसंता म्हणाला, "मामा, तिथं आपलं कोण हाये? दुखलं-खुपलं तर कुणाच्या दारात जाणार?" सासऱ्यांना हे बोलणंच पसंत नव्हतं. घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि विम्यावाले पहिल्यांदा विचारणार, मेल्यावर पैसे कुणाला द्यायचे! शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणाल ते बराबर."

मी क्षणभर विचार केल्यासारखं केलं. खरं सांगतो, माझ्या मनात विम्याच्या फायद्यातोट्याचा विचार बिलकुल नव्हता. माझ्या मनात एवढंच होतं की ह्यानं जर्मनीलाही जायचं आणि वर काळजीही करायची नाही? थोडी तरी काळजी नको का करायला माणसानं? मी म्हणालो, "काही गरज न्हाई. फुकटचा खर्चा." सासरे खूश झाले. वसंता म्हणाला, साडूभाऊ म्हणतात तर असेल तसं. पण जालन्याच्या विमा एजंटाला त्यानं कारखान्यातल्या कुणाकरवी निरोप धाडून ठेवलेला होता, की कागद वाचायला शिकलेला माणूस हवा, तेव्हा अंबडला आमच्या साडूच्या घरी भेटा. तो निरोप मागं घ्यायचं राहून गेलं. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

मग पंचांग निघालं. निघायचा दिवस येत होता शुक्रवार, आणि तो शुक्रवार प्रवासाला वर्ज्य. विमान काही पंचांग बघून उडत नाही. तेव्हा सासऱ्यांनी बुधवारचा मुहूर्त धरून प्रस्थान ठेवायचं ठरवलं. म्हणजे असं, की चांगल्या मुहूर्तावर प्रवाशाची एखादी वस्तू प्रवासाच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. मग माणूस कधी का निघेना! ठेवलेलं गाठोडं मध्ये उघडायचं नाही आणि माघारी आणायचं नाही, निघाल्यावर वाटेतच उचलायचं. जर्मनी पश्चिमेला. वाटूरच्या पश्चिमेला नात्यातलं घर एकच, आमचं. प्रवासात सगळ्यात गरजेची वस्तू म्हणून सासऱ्यांनी कोट काढला, त्यात सुपारी आणि हळकुंड ठेवलं, पांढऱ्या धोतरात बांधलं आणि गाठोडं माझ्या हातात दिलं. शकू लाडू वळायला वाटूरलाच राहिली. मी एसटीत जर्मनी मांडीवर घेऊन अंबडला आलो.

गाठोडं खुंटीला टांगलं. बुधवारी मी त्याच्याकडे पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण रागानं. गुरुवारी कचेरीतून आलो, घरात कुणी नाही, आणि ते तिथं टांगलेलं. मी म्हटलं, ओलसरपणा लागला का बघावं. ओलसरपणा बघायला उघडावं लागतं. उघडल्यावर मला वाटलं, घडी मोडलीच आहे तर अंगात घालून बघावा.

वसंता काडीसारखा. मी तसा नाही. श्वास रोखून दोन बटणं लावली तेव्हा कुठं कोट बसला, आणि मग श्वास सोडायची सोय राहिली नाही. घरात आरसा दाढीचा. त्यात आधी डावा खांदा पाहिला, मग उजवा, मग छाती. हप्त्याहप्त्यानं पाहिलेला तो माणूस मला तरी जर्मनीला जाण्यासारखा वाटला. वसंतापेक्षा तर नक्कीच.

तेवढ्यात दारात कुणीतरी चपला काढल्या. चामडी बॅग घेतलेला एक गृहस्थ माझ्याकडे, म्हणजे कोटाकडे, बघून हात जोडत म्हणाला, "जर्मनीला निघालेले साहेब आपणच ना? मी विम्याचा एजंट."

मी खोटं बोललो नाही, हे आधी लक्षात घ्या. मी फक्त "या, बसा" म्हणालो.

त्यानं माझीच खुर्ची पुढं ओढून मला दिली. कचेरीत आजवर मी दुसऱ्यांना साहेब म्हणत आलो होतो. मला कुणी म्हणालं तर कसं वाटतं हे त्या दिवशी कळलं. फार बरं वाटतं. त्यानं विचारलं, थंडी लई असेल ना तिकडं? मी म्हणालो, आमच्या तिकडं बर्फ फार. आमच्या तिकडं! मग त्यानं विमा समजावून सांगितला, आणि काय सांगू, जो विमा वसंतासाठी फुकटचा खर्चा होता तो माझ्यासाठी अगदी गरजेचा निघाला. इतक्या लांब मी एकटा, सामान हरवलं तर मी बघणार कुणाकडं? माझं मलाच भरून आलं. उद्या सकाळी या, सही करतो, असं मी त्याला सांगून टाकलं, आणि साहेबाच्या घरी आलेला माणूस चहाशिवाय कसा जाईल म्हणून स्टोव्ह पेटवायला आत गेलो.

"साहेब, कोट काढून तरी ठेवा," तो मागून म्हणाला.

कोट निघत नव्हता हे त्याला कसं सांगणार! मी स्टोव्हला जोरात पंप मारला. भडका उडाला आणि उजवी बाही पेटली. मी बाही झटकतो आहे, बटणं सुटत नाहीत, मी स्टोव्हभोवती फिरतो आहे आणि एजंट माझ्यामागं. शेवटी त्यानं अख्खा माठ माझ्यावर उपडा केला. हाताला काही झालं नाही, ते भारी अस्तर मध्ये आलं. बाही मात्र कोपरापर्यंत गेली.

"म्हणून आम्ही सांगत असतो, साहेब," तो चिखलात उभा राहून म्हणाला.

"मंग काढा ना विमा. आत्ताच काढा."

"जळाल्यावर?"

"प्रवास सुरू झालेला हाये," मी म्हणालो. "बुधवारीच प्रस्थान ठेवलंय. सामान प्रवासात जळालं."

"साहेब, कंपनी पंचांग बघत न्हाई," तो म्हणाला आणि ओल्या पायांत चपला घालून गेला.

शुक्रवारी सकाळी वाटूरच्या गाडीनं सगळे उतरले. वसंता, सिंधू, सासू-सासरे, लाडवांचा डबा घेतलेली शकू. मी सांगितलं, मांजरानं रॉकेलची पेटती चिमणी पाडली. सासरे ती बाही बघून मटकन खाली बसले. "प्रस्थान जळालं," ते म्हणाले. "आता जायचं न्हाई. मालकाला सांगा, दुसरा माणूस धाडा." सिंधूनं पदर तोंडाला लावला.

आणि माझ्या आत, खोटं कशाला बोलू, काहीतरी टुणकन उडालं. जर्मनी रद्द! कपबशी परत माझी! मी चेहरा होता होईल तेवढा पाडला. वसंता सासऱ्यांशी वाद घालील असं मला वाटलं होतं. त्यानं नुसता तो कोट उचलला, जळकी बाही आत दुमडली आणि नुसती एकच बाही वर दिसेल अशी त्याची घडी घालत बसला. ते बघवेना. माझ्या पोटात जे दुखत होतं ते थोडं कमी झालं. सगळं नाही, थोडं.

मी उठलो, ट्रंक उघडली आणि माझा लग्नातला काळा कोट काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास आला, पण कापड जुन्या काळचं, गरम. तो वसंताला शिवल्यासारखा बसला. (कोणे एके काळी मीही काडीसारखा होतो.) पण सासरे मान हलवत राहिले. कोटाचा प्रश्न नव्हता, अपशकुनाचा होता.

नेमका त्याच वेळी एजंट दारात हजर. "साहेब, हात कसा हाये? कोट घालून स्टोव्हपाशी कशाला गेल्ते तुम्ही?" मग त्यानं सगळ्यांकडे पाहिलं आणि वसंताजवळ येऊन थांबला. हे कोण, म्हणून विचारलं. सासूबाई म्हणाल्या, हेच तर जर्मनीला चाललेत.

"मंग काल हे कुठं निघाले होते?" त्यानं माझ्याकडे बोट केलं.

शकूनं लाडवांचा डबा खाली ठेवला. मी भिंतीवरच्या खुंटीकडे पाहिलं. सासऱ्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग त्या बाहीकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी हळूहळू उतरत गेली.

"म्हणजे हा अपशकुन न्हाई," ते म्हणाले. "हा आमचा जावई हाये." मग एजंटाकडे वळून, "काढा विमा. जल्दी काढा. वाटेत असा आणखी एखादा नातेवाईक भेटला तर पोरानं काय करायचं?"

जालन्याला गाडीत बसण्याआधी एजंटाच्या ऑफिसात कागद झाले. मनमाडची गाडी हलली तेव्हा वसंता माझ्या लग्नाच्या कोटात खिडकीशी बसला होता. "येतो, साडूभाऊ," तो म्हणाला. "आधी बोलले असते तर तुमच्या मापाचा शिवला असता."

दोन वर्षांनी तो धडधाकट परत आला. विम्याला हात लावायची वेळच आली नाही. बघा, मी म्हणालो होतो, फुकटचा खर्चा! वसंतावर मी आता जळत नाही, शकूची शपथ. पण त्यानं माझा कोट परत आणला तो तिकडच्या दुकानात धुऊन, इस्त्री करून. वाटूरला सासूबाईंनी तो बाजेवर गोधडी अंथरून ठेवला आणि गल्लीतली माणसं येऊन त्याला हात लावून बघू लागली, की ह्यानं बर्फ पाह्यलाय. मी खाली बसून पितळी वाटीतला चहा पीत होतो. लग्नात मी आणि तो कोट बरोबरच बोहल्यावर चढलो होतो. नाव मात्र कोटानं काढलं.