दिवसभर लांब

त्या दुष्काळात आमची जनावरं कडा गावाजवळ सहकारी साखर कारखान्याच्या चारा छावणीत होती. नवरा त्यांच्यापाशीच राहायचा. माझ्या छातीत गाठ निघाली, तेव्हा पुण्याला सोबत आली ती थोरली जाऊ. माझी दीड वर्षाची मुलगीही बरोबर होती.

दवाखान्यात नव्या तऱ्हेच्या तपासणीची चाचणी चालू होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध देऊ. कॅन्सरच्या जागी ते जास्त साठतं आणि हा कॅमेरा ते टिपतो. नेहमीच्या एक्स-रे फोटोत सुटलेलं यात दिसतं का, ते आम्ही पडताळतोय. तुमची इच्छा असेल तरच. मात्र उद्या सकाळपर्यंत बाळाला जवळ घेता येणार नाही."

मी जाऊकडं बघितलं.

"कर कागदावर सही. पोरगी मी बघते," ती म्हणाली.

कॅमेऱ्याच्या दोन सपाट पाट्यांमध्ये छाती हलकेच दाबून मी न हलता बसले. एक फोटो, मग दुसरा. भीती गाठीची वाटायला हवी होती. मला वाटत होतं, पोरगी रडत असेल.

ती रडत नव्हती. बाहेर आवारातल्या नळाला भरपूर पाणी होतं. आमच्या गावात तेव्हा टँकरमागं हंडे घेऊन पळावं लागायचं. जाऊनं बादली भरून तिला त्यात बसवलं होतं आणि ती खिदळत होती. तपासणी उरकून मी बाहेर आले आणि लांब बाकावर बसले. मला बघून पोरीनं हात पसरले, पण जाऊनं तिला उचलून खांद्यावर टाकलं, तशी ती लगेच गप झाली. लगेच! जाऊचं धडधाकट अंग, भरला पदर, त्यावर टेकलेलं माझ्या लेकीचं डोकं; माझा नुसता जळफळाट झाला.

सकाळी मी पोरीला तिच्या हातातून हिसकावलंच. पोरगी भोकाड पसरून रडली.

"तुजीच हाय की. वढतीस कावून?" जाऊ म्हणाली.

"तुमाला लई लळा लागलाय," मी म्हणाले.

तिनं पोरीचं झबलं तेवढं घडी करून माझ्यापुढं ठेवलं.

नव्या फोटोत दुसरी बारीक गाठ दिसली. सुईनं तपासली, तीही कॅन्सरचीच निघाली. दोन्ही काढल्या. उपचारांचे पुढचे सगळे महिने पोरगी जाऊपाशीच झोपली.

आता ती गेवराईला नोकरी करते. फोन आधी थोरल्या आईला करते, मग मला. मी बरी होऊन इतकी वर्षं झाली, तरी जाऊच्या खोलीतून फोनवरचं हसणं ऐकू आलं की हातातलं काम टाकून मी दाराशी जाऊन उभी राहते.