शैलाताईंचा सांधा आणि शाळेचं मैदान

शैलाताई आज सकाळी गेल्या. कमेंटमध्ये कुणीही "बिचारी" लिहू नका. डिलीट करेन.

शैलाताई माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही. अंबरनाथच्या एका शाळेत पी.टी.च्या बाई होत्या आणि बदलापूरला कात्रपमध्ये आमच्याच घरी राहायच्या. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "रेखा, कबड्डी खेळलीस कधी?"

नव्वद-एक्क्याण्णव साल असेल.

मुलींना पकड दाखवताना मैदानाच्या कडेच्या खड्ड्यात त्यांचा पाय गेला. सगळं अंग एका पायावर आदळलं. वरून काहीच दिसेना. ना सूज, ना जखम.

पण दुसऱ्या दिवशी खुर्चीतून उठता येईना.

उजवीकडे, कमरेच्या खाली, बोट ठेवून दाखवता येईल एवढीच जागा. कूस बदलली की कळ. जिना चढला की कळ.

एक डॉक्टर म्हणाले गॅस. दुसरे म्हणाले गादी गुंडाळून फळीवर झोपा, कम्प्लीट रेस्ट. कुणीतरी तेल आणून दिलं.

ताई फळीवर झोपल्या. महिने गेले. दुखणं तसंच राहिलं, उलट पाय बारीक व्हायला लागले.

माझे मिस्टर, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, कंपनीत ऑफिसर. फार माया बहिणीवर. एकदा जेवताना म्हणाले, "ताई, सोड नोकरी. मी आहे ना."

ताई म्हणाल्या, "तू आहेस रे. पण म्हणून मी नसायचं का?"

मग शाळेचे सेक्रेटरी घरी आले, सफरचंदं घेऊन. "बाई, आता लायब्ररी सांभाळा. मैदानावर नवीन सर घेतोय. नाहीतर तब्येतीच्या कारणावरून राजीनामा दिलात तरी चालेल."

ताई फळीवरूनच म्हणाल्या, "सफरचंदं ठेवा. राजीनामा मिळणार नाही."

ते गेल्यावर मात्र भिंतीकडे तोंड करून रडल्या. मी बघितलं ते. त्यांना सांगितलं नाही.

त्यांच्या टीममधल्या एका मुलीची आई उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवायची. तिनेच पत्ता दिला. तिच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर एक सिंधी फिजिओथेरपिस्ट बसायच्या. कमला मॅडम.

मी ताईंना घेऊन गेले. शेअर रिक्षात ताई एकाच अंगावर बसलेल्या, माझा हात घट्ट धरून.

कमला मॅडमनी त्यांना कुशीवर झोपवलं, पाय दुमडला, दाबून बघितलं. खालून शिलाई मशीनची घरघर. एका ठिकाणी दाबल्यावर ताई किंचाळल्या.

"दीदी, ये कमर नहीं है. ये जोड है. एस.आय. जॉइंट."

कण्याचं शेवटचं हाड कमरेच्या मोठ्या हाडाला जिथे जोडलेलं असतं, तो सांधा. दुखतो तिथेच, पण बायका त्याला कंबर समजून आयुष्य काढतात.

"अब सोना बंद. काम करना पडेगा. दुखेगा, लेकिन करना पडेगा."

काम म्हटल्यावर ताईंचा चेहरा जो उजळला! इतक्या महिन्यांत त्यांना कुणी काम सांगितलंच नव्हतं.

मग आमच्या हॉलमध्ये चटई पडली. उताणं झोपायचं, गुडघे उभे, कंबर वर उचलायची. गुडघ्यांत उशी धरून दाबायची. कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडायचा. चालताना कमरेखाली पट्टा.

घाम यायचा. दात आवळलेले.

मिस्टर म्हणाले, "ताई, हॉलमध्ये हे काय? बाहेरचा माणूस आला तर?"

"आला तर त्यालाही शिकवते."

सगळं सरळ झालं नाही. कमला मॅडमकडून परत येताना एकदा रिक्षा अशी आदळली की ताईंना उतरताच येईना. पुढचे कितीतरी दिवस पुन्हा तीच कळ. मी म्हटलं, "ताई, पुरे आता." त्या म्हणाल्या, "तू थकली असशील तर घरी थांब. मी जाते."

पावसाळा संपता संपता ताई शाळेत हजर झाल्या. पट्ट्यासकट.

सेक्रेटरी म्हणाले, "पण तुम्हाला पळता येत नाही."

"नाही येत. शिकवता येतं. तुम्हाला तरी कुठे पळता येतं?"

नवीन सरांना मुलं मिळाली, मुली ताईंकडेच राहिल्या.

आणि ताईंनी पहिलं काय केलं? सगळ्या मुलींना मैदानात उताणं झोपवून कंबर उचलायला लावली!

बोंब झाली. पालकांची तक्रार, हे काय अचकट-विचकट. सेक्रेटरींनी बोलावून घेतलं.

ताई म्हणाल्या, "तुमच्या घरातल्या बायका कमरेवर हात ठेवून उठतात ना? त्यांनाही शनिवारी मैदानावर पाठवा, शिकवते."

त्यांच्या घरून कुणी आलं नाही. पण ती जीन्स शिवणारी आई आली, दिवसभर मशीनवर बसून आखडलेली. मग आणखी काही आया आल्या, पदर खोचून.

शाळेने शनिवारचं गेट बंद केलं.

ताईंनी क्लास आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आणला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, तेव्हा माझे मिस्टर उभे राहिले. म्हणाले, "गच्ची सगळ्यांची आहे. माझी बहीण तिथेच शिकवणार."

तो क्लास वर्षानुवर्षं चालला.

ताई पूर्ण बऱ्या कधीच झाल्या नाहीत. थंडीत दुखायचंच. तरी रिटायर होईपर्यंत मैदान सोडलं नाही.

अंत्ययात्रा आज संध्याकाळी, घरूनच निघेल.

त्यांच्या टीमच्या मुली येतायत. आता पन्नाशीच्या झाल्या. सकाळपासून फोन चालू आहेत. तिरडीला खांदा आम्हीच देणार म्हणतात. मी हो म्हटलंय. मीही देणार आहे.

कुणाला पटत नसेल तर त्यांनी मागून चालावं.

शैलाताई, तुम्हाला वाकून नमस्कार.